स्पितीच्या गावांमधून चालताना: उंचावरील ट्रेकविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा गट मुंबईतला आहे आणि लहान आहे. वर्षातून दोनदा आम्ही दहा-बारा जणांना घेऊन स्पिती खोऱ्यातील उंचावरच्या गावांमधून चालत जातो. नोंदणीच्या आधी लोक जे प्रश्न विचारतात ते बहुधा तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत. विरळ हवेविषयीचे उत्तर मात्र कितीही लांब वाटले तरी पूर्ण वाचावे, ही विनंती.

हा ट्रेक नेमका कुठून कुठे जातो?

हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्यात, काझा या मुख्य गावाच्या वर, स्पिती नदीच्या डाव्या तीरावर एक उंच, उघडेबोडके, वाऱ्याचे पठार आहे. त्या पठारावरील लांगझा, हिक्किम, कोमिक आणि डेमुल या गावांतून जाऊन पुढे लिंगती नदीच्या खोऱ्यातील ल्हालुंगला उतरायचे आणि शेवटी धनकरला पोहोचायचे, असा हा मार्ग आहे. लांगझा सुमारे ४,४०० मीटरवर आहे, कोमिक ४,५८० मीटरच्या आसपास, डेमुल ४,३०० मीटरवर, ल्हालुंग ३,७०० मीटरवर आणि धनकर ३,९०० मीटरवर. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. म्हणजे लांगझात ज्या अंगणात आपण सकाळचा चहा घेतो, ते अंगण अडीच कळसूबाईंपेक्षाही उंचावर असते.

प्रत्यक्ष चालण्याचे दिवस चारच आहेत. मुंबई ते मुंबई मात्र सोळा दिवस लागतात आणि एक दिवस आम्ही राखीव ठेवतो.

चार दिवसांच्या चालीसाठी सोळा दिवस का? आम्हाला इतकी रजा मिळत नाही.

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि तो रास्त आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला सलग सोळा दिवसांची रजा मागणे किती अवघड जाते याची आम्हाला जाणीव आहे. तरीही या बाबतीत आम्ही तडजोड करीत नाही, कारण जाण्यात घालवलेले दिवस हे प्रवासाचे दिवस नसून शरीराला उंचीची सवय होण्याचे दिवस असतात.

चंदीगडपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने जाऊन त्याच दिवशी आम्ही शिमल्याला पोहोचतो (सुमारे २,२०० मीटर). दुसरा मुक्काम सराहनला, तिसरा किन्नौरमधील कल्पाला (साधारण २,९५० मीटर), चौथा नाकोवरून पुढे जाऊन ताबोला (सुमारे ३,२८० मीटर) आणि पाचवा काझाला (सुमारे ३,७०० मीटर). काझात आम्ही तीन रात्री राहतो. तेथून दिवसा ‘की’ नावाचा मठ, किब्बर गाव आणि चिचमचा पूल अशा उंच ठिकाणी जाऊन यायचे आणि झोपायला खाली काझात परतायचे. पर्वतीय वैद्यकात सर्वमान्य असलेला नियम असा की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. काझाहून लांगझाला जाताना ही वाढ ७०० मीटरची होते. मध्ये मुक्कामाला गाव नसल्यामुळे ती टाळता येत नाही. तिची भरपाई म्हणून काझात तीन रात्री आणि लांगझात दोन रात्री ठेवल्या आहेत.

मनालीमार्गे गेल्यास दिवस वाचतात, हे खरे आहे. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून पहाटे निघालेली गाडी कुंझुम खिंड ओलांडून संध्याकाळी काझाला पोहोचू शकते. अडचण अशी की, मनाली जेमतेम २,००० मीटरवर आहे आणि कुंझुम ४,५०० मीटरपेक्षा उंच. एका दिवसात शरीराला ती उडी मारायला लावणे धोक्याचे आहे.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. स्पितीत मी पहिल्यांदा गेलो तो एका व्यावसायिक आयोजकाबरोबर. कार्यक्रम आठ दिवसांचा होता: मनालीहून एका दिवसात काझा आणि दुसऱ्याच रात्री कोमिक. त्या रात्री माझ्या शेजारी झोपलेला सोबती सारखा खोकत होता. पहाटे तो उठून भिंतीला टेकून बसला, कारण आडवे झाल्यावर त्याला श्वास पुरत नव्हता. वाटाड्याने टॉर्चच्या उजेडात त्याचे ओठ पाहिले, एक शब्दही न बोलता गाडी काढली आणि त्याला काझाच्या रुग्णालयात नेले. तो वाचला, कारण गाडी दारात उभी होती आणि वाटाड्याने सकाळ होण्याची वाट पाहिली नाही. आठ दिवसांचा कार्यक्रम आम्ही आखत नाही, त्यामागे ती पहाट आहे.

विरळ हवेचा त्रास म्हणजे नेमके काय होते आणि तो कसा ओळखायचा?

हवेतील प्राणवायूचे प्रमाण मुंबईत आणि लांगझात सारखेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. बदलतो तो हवेचा दाब. ४,४०० मीटरवर हा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक आत जाणारा प्राणवायूही त्याच हिशेबाने कमी होतो. शरीर आधी श्वास आणि नाडी वाढवून ही तूट भरून काढते, नंतरच्या दिवसांत रक्तात आणि मूत्रपिंडांच्या कामात बदल करून स्थिरावते. या बदलांना वेळ लागतो. तंदुरुस्त माणसालाही तितकाच वेळ लागतो. मॅरेथॉन धावणाऱ्या तरुणाला त्रास व्हावा आणि साठीच्या काकू ठणठणीत राहाव्यात, हे आम्ही एकापेक्षा जास्त वेळा पाहिले आहे.

साध्या त्रासाची सुरुवात डोकेदुखीने होते. तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणे, गळून गेल्यासारखे वाटणे किंवा चक्कर, यांपैकी काही असेल तर तो उंचीचाच त्रास आहे असे धरून चालायचे. ‘काल नीट झोप झाली नाही’, ‘ऊन लागले’, ‘जेवण जड झाले’ अशी कारणे शोधत बसायचे नाही. अशा वेळी आणखी वर जायचे नाही, त्याच गावात विश्रांती घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशीही बरे वाटले नाही किंवा त्रास वाढला तर खाली उतरायचे.

धोक्याची दोन रूपे आहेत. एकात फुफ्फुसात पाणी साचते: स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागते, खोकला थांबत नाही, ओठ आणि नखे निळसर दिसू लागतात. दुसऱ्यात मेंदूला सूज येते: माणूस असंबद्ध बोलतो, त्याचा तोल जातो. ही दुसरी अवस्था ओळखण्याची सोपी रीत अशी की, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्या पावलाची टाच लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगायचे. तोल सांभाळता आला नाही तर त्या क्षणी उतरण्याची तयारी करायची, मग मध्यरात्र असो की पहाट. प्राणवायूचे सिलिंडर आणि आवश्यक औषधे आमच्याबरोबर असतात, परंतु खरा उपचार खाली उतरणे हाच आहे. बाकी सर्व साधने तोपर्यंतचा वेळ मिळवून देतात.

ऑक्सिमीटर बरोबर आणावा का?

आमच्याकडे असतो, आपण आणण्याची गरज नाही. त्याविषयी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कोविडच्या दिवसांत ९४ च्या खाली आकडा गेला की रुग्णालयात धाव घ्यायची, हे आपणा सर्वांच्या मनावर ठसले आहे. लांगझात पहिल्या संध्याकाळी बहुतेकांचा आकडा ८५ च्या आसपास, काहींचा त्याहूनही खाली दिसतो आणि घरच्यांना फोन करण्यासाठी धांदल उडते. त्या उंचीवर हा आकडा अपेक्षित असतो. आम्ही आकड्यापेक्षा माणसाकडे पाहतो: तो जेवला का, बोलतो कसा, एक जिना चढल्यावर किती वेळात सावरतो. आकडा इतरांच्या मानाने एकदम खाली असेल आणि लक्षणेही असतील, तेव्हा मात्र तो गंभीरपणे घ्यावा लागतो.

रात्रीविषयीही सांगायला हवे. झोपेत शेजाऱ्याचा श्वास काही सेकंद थांबतो आणि मग मोठा उसासा टाकून पुन्हा सुरू होतो, असे उंचावर पुष्कळांचे होते. ऐकणारा घाबरतो, पण तेवढ्याच गोष्टीने घाबरून जायचे कारण नाही.

डायमॉक्स घ्यावी का?

हा निर्णय आपल्या डॉक्टरांचा आहे. ॲसिटाझोलामाइड, म्हणजेच डायमॉक्स, शरीर उंचीला सरावण्याची क्रिया लवकर घडवते. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, वर चढण्याच्या आदल्या दिवसापासून दिली जाते. बोटांना मुंग्या येणे, वारंवार लघवी होणे, सोड्याच्या पेयांची चव बिघडणे असे परिणाम दिसतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगणे आवश्यक आहे. ही गोळी हळू चढण्याला पर्याय नाही. झोपेच्या गोळ्या आणि मद्य या दोन गोष्टी मात्र पहिल्या दिवसांत पूर्णपणे टाळाव्यात. गावात प्रेमाने पुढे केलेल्या छांगला (जवाच्या घरगुती मद्याला) हात जोडून नकार दिला तर कोणी रागावत नाही.

सह्याद्रीत आम्ही नियमित ट्रेक करतो. तेवढी तयारी पुरेशी आहे का?

पायांसाठी आणि दमासाठी ती उत्तम तयारी आहे. उंचीसाठी सह्याद्रीत कोणतीच तयारी होऊ शकत नाही, हे मनाशी पक्के असू द्यावे.

निघण्याच्या किमान तीन महिने आधीपासून आठवड्यातून चार दिवस चालणे सुरू करावे. ज्यांना सुटीचा एकच दिवस मिळतो, त्यांना आम्ही नेरळ ते माथेरान ही पायवाट सुचवतो: पहाटेची कर्जत लोकल पकडावी, पाठीवर सात-आठ किलोची सॅक घ्यावी, सातशे मीटरच्या आसपासचा चढ न थांबता, परंतु बोलता येईल इतक्या संथ गतीने चढावा आणि तसेच खाली यावे. ‘बोलता येईल इतक्या संथ गतीने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आमच्याकडे येणाऱ्या मुंबईकरांची खरी अडचण ताकदीची नसते, वेगाची असते. जिना दिसला की दोन-दोन पायऱ्या घ्यायच्या, पुढच्याला मागे टाकायचे, ही सवय अंगात मुरलेली असते आणि ४,५०० मीटरवर तीच सवय माणसाला आडवे करते. बारीवरून कळसूबाई एकदा तरी करावी आणि वर पोहोचायला किती वेळ लागला हे कोणालाही सांगू नये.

इमारतीचे जिने, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंतची चाल, हेही उपयोगी आहे. उतरण्याचा सराव विसरू नये, कारण डेमुलहून ल्हालुंगला जाताना सहाशे मीटरच्या आसपास उतार आहे आणि गुडघ्यांची परीक्षा तेथे होते.

कोणी येऊ नये?

गर्भवती स्त्रिया, अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, फुफ्फुसांचा जुना गंभीर विकार असलेले आणि सिकलसेलचा आजार असलेले यांनी येऊ नये. मधुमेही आणि दमेकरी डॉक्टरांच्या लेखी संमतीने येऊ शकतात. इन्सुलिन गोठू नये म्हणून रात्री ते अंथरुणात, अंगाजवळ ठेवावे लागते. सोळा वर्षांखालील मुलांना आम्ही नेत नाही. वरची वयोमर्यादा ठेवलेली नाही.

या सर्व गावांना आता गाडीरस्ता आहे. मग चालत कशासाठी जायचे?

प्रश्न अगदी बरोबर आहे. लांगझा, हिक्किम, कोमिक एका सकाळीत गाडीने पाहून परतणारे पुष्कळ प्रवासी असतात. बुद्धाच्या मूर्तीजवळ छायाचित्र, टपाल कार्यालयातून पत्र, कोमिकच्या पाटीखाली आणखी एक छायाचित्र, आणि दुपारी दोनला काझात जेवण. गावाशी त्यांचा संबंध चहाच्या कपापुरता येतो.

रस्ते मुख्यतः गावांना काझाशी जोडतात. गावांना एकमेकांशी जोडणाऱ्या जुन्या वाटा पायी चालण्याच्या आहेत. कोमिक ते डेमुल हा टप्पा घ्या. हा सर्वांत लांब दिवस आहे, सात ते आठ तासांचा. कोमिकचा तांग्युद मठ मागे पडला की वाट गवताळ उतारांवरून वर चढत जाते, दोन-तीन तास माणूस दिसत नाही, दिसतात ते चरणारे याक आणि नशीब असेल तर भरल, म्हणजे निळ्या मेंढ्यांचे कळप. हिमबिबट्या याच डोंगरांत वावरतो, पण तो दिसेल असे आश्वासन आम्ही देत नाही. खिंडीवर पताका फडफडत असतात. तेथे आमचा वाटाड्या प्रत्येक वेळी एक दगड उचलून ढिगावर ठेवतो आणि मगच पाणी पितो. पलीकडे उतरताना पायाखाली एकदम डेमुलची शेते दिसतात: तपकिरी डोंगरांच्या मांडीवर जव आणि मटाराचे हिरवे-पिवळे चौकोन, आणि त्यांच्याकडे बर्फाचे पाणी आणणाऱ्या अरुंद पाटांच्या रेषा. या पाटांना तेथे कूल म्हणतात. वर्षातून एकच पीक निघते आणि ते या पाण्यावर अवलंबून असते. ज्या वर्षी बर्फ कमी पडतो त्या वर्षी पाण्याच्या पाळ्या कशा लावायच्या, यावर गावात बैठका होतात. गाडीतून उतरून पंधरा मिनिटांत परतणाऱ्याला हे कळण्याचा मार्ग नाही.

रस्त्यांचा आम्हाला एक मोठा फायदाही होतो, तो लपवण्याचे कारण नाही. प्रत्येक मुक्कामाच्या गावी गाडी येऊ शकत असल्यामुळे आजारी माणसाला रात्रीही खाली नेता येते. अपवाद कोमिक–डेमुलच्या मधल्या वाटेचा, म्हणून त्या दिवशी सामानाच्या जनावरांबरोबर एक रिकामा घोडा मुद्दाम ठेवलेला असतो.

मुक्काम कोठे असतो? तंबूत की घरात?

सर्व मुक्काम गावातील घरांमध्ये असतात. मातीच्या विटांची, जाड भिंतींची, सपाट छपरांची ही घरे आहेत. छपरावर कडेने जळण आणि चारा रचून ठेवलेला असतो. घराचे केंद्र म्हणजे चुलीची खोली. खोलीच्या मधोमध लोखंडी शेगडी, तिचे धुराडे छपरातून बाहेर गेलेले आणि भिंतीशी गालिचे अंथरलेल्या बैठका. गेल्या वर्षी लांगझात ज्या घरी उतरलो, तेथील आजी संध्याकाळभर शेगडीजवळ बसून होत्या. डाव्या हाताने जपमाळ, उजव्या हाताने चिमट्याने शेणी आत सारणे, आणि नजर आमच्या कपांवर. लोणी घातलेल्या खारट चहाचा कप अर्धा झाला की त्या उठून तो पुन्हा भरीत. कप रिकामा होऊ देणे हे तेथे यजमानाला कमीपणाचे वाटते. पुरे झाले असल्यास कप भरलेलाच ठेवावा आणि उठताना संपवावा.

डेमुलमध्ये पाहुणे घरोघरी पाळीने वाटले जातात, त्यामुळे एकाच घराकडे सगळी कमाई जात नाही. ‘आम्हाला मागच्या वेळचेच घर हवे’ असा आग्रह तेथे धरू नये. दोन-तीन जणांना एक खोली मिळते. स्त्रियांसाठी स्वतंत्र खोलीची व्यवस्था आम्ही करतो.

शौचालय आणि अंघोळीची सोय कशी असते?

पारंपरिक कोरडे शौचालय असते. वरच्या खोलीत जमिनीला चौकोनी भोक आणि कोपऱ्यात मातीचा ढीग व फावडे. काम झाल्यावर फावडेभर माती खाली लोटायची. खालच्या खोलीत वर्षभरात खत तयार होते आणि वसंतात तेच शेतात जाते. म्हणून त्या भोकात पाणी, सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू किंवा प्लास्टिक काहीही टाकू नये, कारण ते कोणाच्या तरी शेतात निघते. पॅडसाठी आम्ही प्रत्येकीला जाड कागदाच्या पिशव्या देतो. त्या काझात आणि तेथून पुढे खाली परत नेल्या जातात. उंचीमुळे पाळी मागेपुढे होऊ शकते, तेव्हा तारीख नसली तरी साहित्य जवळ असू द्यावे.

काझा सोडल्यापासून धनकरपर्यंत अंघोळ नाही. तोंड-हात धुण्यापुरते कोमट पाणी सकाळी मिळते. ते पाणी घरातील बाईने दुरून आणलेले असते आणि जमवलेल्या जळणावर तापवलेले असते.

जेवण काय असते? शाकाहारी आणि उपवास करणाऱ्यांचे कसे?

शाकाहारी जेवण सर्वत्र मिळते. भात, डाळ, बटाटा, शेतातील मटार, थुक्पा (शेवयांचे गरम सूप), तिंगमो (वाफवलेला पाव) आणि सकाळी जवाच्या भाजलेल्या पिठाचा साम्पा. साम्पा चहात कालवून हाताने गोळा करून खातात. आपल्या सातूच्या पिठाची ज्यांना सवय आहे त्यांना तो लगेच आवडतो. कडक उपवास या उंचीवर करू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. भूक नसली तरी थोडे-थोडे खात राहावे लागते. घरून चिवडा, भाकरवडी, शेंगदाण्याचे लाडू, लिंबाचे लोणचे अवश्य आणावे. भूक मेलेल्या माणसाला ओळखीची चव जेवायला लावते. दिवसाला तीन ते चार लिटर पाणी पुरते. भीतीपोटी त्याहून फार अधिक पिण्याने अपायच होतो.

गावात आणि मठांत कसे वागावे?

भेटणाऱ्या प्रत्येकाला ‘जुले’ म्हणावे. नमस्कार, निरोप आणि आभार या तिन्हींसाठी तो एकच शब्द चालतो. चोर्तेन (बौद्ध स्तूप) आणि मणी-भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावे, म्हणजे आपण देवळात घालतो तशीच प्रदक्षिणा होते. मठात पादत्राणे आणि टोपी काढावी, परवानगीशिवाय आत छायाचित्र घेऊ नये. ताबोचा मठ इ. स. ९९६ मध्ये स्थापन झाला आणि त्याच्या भिंतींवरील चित्रे मातीच्या लेपावर आहेत. टॉर्चचा झोत किंवा बोटांचा स्पर्श त्यांना सोसत नाही. धनकरचा मठ नदीकडे झुकलेल्या मातीच्या सुळक्यावर उभा आहे. जगातील धोक्यात आलेल्या शंभर वास्तूंच्या २००६ च्या यादीत त्याचा समावेश झाला होता. तेथे एका वेळी थोड्याच लोकांनी आत जावे.

लांगझाविषयी एक विशेष सूचना. हिमालय उभा राहण्यापूर्वी येथे टेथिस समुद्र होता आणि त्या समुद्रातील शंखासारख्या प्राण्यांचे जीवाश्म येथील काळ्या खडकांत सापडतात. आपल्या देवघरातील शाळिग्राम हाही याच जातीच्या प्राण्याचा, नेपाळमधील गंडकीच्या पात्रातील अश्म आहे. त्यामुळे मराठी माणसाला ते घरी आणण्याचा मोह जरा जास्तच होतो. लहान मुले ते विकायला आणतात. कृपया विकत घेऊ नये आणि उचलूही नये. मुलांच्या हातावर पैसे किंवा चॉकलेटही ठेवू नये. द्यायचेच असेल तर शाळेत विचारून वह्या-पुस्तके द्यावीत.

कोणत्या महिन्यात जाता?

पहिली तुकडी जूनच्या उत्तरार्धात आणि दुसरी सप्टेंबरमध्ये. स्पिती पर्जन्यछायेत आहे, परंतु तेथे नेणारा किन्नौरचा रस्ता तसा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर दरडी कोसळतात, म्हणून ते दोन महिने आम्ही वगळतो. सप्टेंबरमध्ये आकाश निरभ्र असते आणि वरच्या गावांत पिकांची कापणी चालू असते. रात्री पारा शून्याजवळ जातो. गणपतीच्या दिवसांत कोणी घर सोडत नाही, हे जाणून ही तुकडी अनंत चतुर्दशीनंतरच निघते.

सामान काय आणावे?

संपूर्ण यादी नोंदणीनंतर पाठवली जाते. येथे चुकणाऱ्या गोष्टीच सांगतो. बूट नवे नसावेत. किमान दोन ट्रेक घातलेले असावेत. एका जाड जॅकेटपेक्षा तीन-चार पातळ थर अधिक उपयोगी पडतात. दर हजार मीटरला अतिनील किरणे साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, म्हणून चांगला गॉगल, रुंद काठाची टोपी आणि ओठांसाठी सनस्क्रीन असलेला बाम हवाच. दोन्ही पाण्याच्या बाटल्या पुन्हा भरता येणाऱ्या असाव्यात. मोठी सॅक जनावरांवर जाते आणि तिचे वजन दहा किलोंच्या आत असावे.

फोन आणि पैशांचे काय?

काझात मोबाइल चालतो. वरच्या गावांत नेटवर्क असेलच असे धरून चालू नये. घरी निघतानाच सांगून ठेवावे की, पाच-सहा दिवस फोन आला नाही तर काळजी करू नये. एटीएम काझात आहे, तरी तो बंद असू शकतो. लागणारी रोख रक्कम शिमल्यातच काढावी. हिक्किमचे टपाल कार्यालय सुमारे ४,४०० मीटरवर असून १९८३ पासून चालू आहे. तेथून दादर-ठाण्याला पाठवलेले पत्र बहुधा आपल्यानंतर पोहोचते. भारतीय नागरिकांना या मार्गावर परवाना लागत नाही, मूळ ओळखपत्र मात्र जवळ हवे.

मध्येच परतावे लागले तर? पैसे परत मिळतात का?

आजारी माणसाबरोबर आमचा एक सहकारी खाली जातो, त्याला कधीही एकटे पाठवले जात नाही. त्या गाडीचा खर्च शुल्कातच धरलेला आहे. तो वेगळा मागितला तर लोक खर्चाच्या संकोचाने लक्षणे लपवतात, हे आम्ही शिकलो आहोत. न वापरलेल्या मुक्कामांचे पैसे परत मिळत नाहीत, कारण ते घरांना आधीच दिलेले असतात. वाट सोडण्याविषयी वाटाड्याचा निर्णय अंतिम राहील आणि त्यावर गटात मतदान होत नाही. विमा ज्याने त्याने काढायचा आहे. पुष्कळ पॉलिसींमध्ये उंचावरील ट्रेकिंग वगळलेले असते, तेव्हा अटींतील बारीक अक्षरे वाचून घ्यावीत.

नोंदणी कशी करावी?

वैद्यकीय माहितीचा अर्ज भरून पाठवावा. त्यात जुने आजार, चालू औषधे आणि यापूर्वी ३,००० मीटरच्या वर झोपला असाल तर तेव्हा काय त्रास झाला, हे सविस्तर लिहावे. काही लपवू नये. लिहिल्यामुळे नाकारले गेलेले फार थोडे आहेत, बहुतेकांसाठी आम्ही एखादा दिवस किंवा एखादे औषध वाढवले आहे. त्यानंतर आम्ही आपल्याशी फोनवर अर्धा तास बोलतो आणि एका रविवारी नेरळहून माथेरानला आपल्याबरोबर चढून येतो. शुल्क त्यानंतरच स्वीकारले जाते.